जुन्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी अनपेक्षितपणे आली, तर काय करावे?

१९८० ते २००० या काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात कितीतरी वाद्यवृंदांनी, महाविद्यालयीन बँडनी आणि लोकसंगीताच्या पार्ट्यांनी एक-दोन कॅसेट काढल्या, कंपनीकडून एकरकमी मानधन घेतले आणि तो विषय तिथेच संपला असे धरून प्रत्येक जण आपापल्या नोकरीधंद्याला लागला. आता तीच गाणी कंपन्यांच्या जुन्या साठ्यातून डिजिटल स्वरूपात बाहेर येत आहेत, कुणाच्या रीलमागे वाजत आहेत, रेडिओवर लागत आहेत, आणि त्यामुळे कधी पासबुकात अनोळखी जमा दिसते, तर कधी गाण्याचे गीतकार आपणच का, अशी विचारणा येते. असे पैसे म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. त्यांना कायद्याचा आधार आहे, आणि बहुतेक वेळा जे आले त्याहून अधिक येणे बाकी असते. पुढील कामे ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने करावीत, कारण आधी वाटणी आणि मग कागद असे झाले की बँडमधील जुनी मैत्री पणाला लागते.

पैसे कशाचे आहेत, ते लेखी विचारा

पहिले काम म्हणजे ज्याने पैसे पाठवले त्याच्याकडून विवरणपत्र मागवणे. त्यात गाण्याचे नाव, कोणत्या काळातील वापर, वापर कुठे झाला, आपला हिस्सा किती टक्के धरला, एकूण रक्कम, व्यवस्थापन खर्चाची वजावट आणि कापलेला कर एवढ्या गोष्टी असायला हव्यात. विवरण हाती येईपर्यंत ‘हिशोब पूर्ण मिळाला, यापुढे काही येणे नाही’ अशा अर्थाच्या कोणत्याही पावतीवर सही करू नये. जुन्या हक्कांबाबत नव्याने केलेली एक सही तीस वर्षांपूर्वीच्या करारापेक्षा महाग पडू शकते.

त्याच वेळी फसवणुकीची शक्यताही तपासावी. रॉयल्टी मंजूर झाली आहे, ती सोडवण्यासाठी आधी प्रक्रिया शुल्क भरा, ओटीपी सांगा किंवा मोबाइलवर अमुक ॲप घ्या, असे कुणी सांगितले तर तिथेच थांबावे. मिळणाऱ्या रॉयल्टीतून वजावट होते. ती मिळावी म्हणून अनोळखी माणसाच्या खात्यात आधी पैसे भरावे लागत नाहीत.

एका गाण्यात चार वेगळे हक्क असतात

बँडमध्ये जे वाद होतात त्यांतील बहुतेक येथूनच सुरू होतात, म्हणून या भागासाठी पुरेसा वेळ द्यावा. एका ध्वनिमुद्रित गाण्यात शब्द हे एक काम असते आणि चाल हे दुसरे. त्या शब्दांना आणि चालीला ज्यांनी गाऊन-वाजवून रूप दिले त्यांचा सादरकर्ता म्हणून तिसरा हक्क असतो. आणि जे ध्वनिमुद्रण तयार झाले त्याचा चौथा. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याच्या भाषेत निर्माता असतो, म्हणजे ज्याने ते करण्याचा पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन आणि कॅसेटच्या प्रतींचा खर्च कंपनीने केला असेल, तर निर्माता बहुधा कंपनीच. मात्र बँडने स्वतः पैसे जमवून ध्वनिमुद्रण केले आणि कंपनीला फक्त वितरणासाठी दिले असेल, तर चित्र पूर्ण बदलते. स्टुडिओचे बिल कुणाच्या नावाने फाटले होते, हा प्रश्न त्यामुळे अतिशय महत्त्वाचा ठरतो.

या हक्कांच्या मुदती सारख्या नाहीत. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दोघांनी मिळून एकजीव चाल केली असेल, तर शेवटच्या हयात व्यक्तीच्या मृत्यूपासून ही ६० वर्षे मोजतात. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे संरक्षण असते, म्हणजे १९८८ साली प्रकाशित झालेल्या कॅसेटला २०४८ अखेरपर्यंत. सादरकर्त्याचा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षांचा आहे.

पूर्वी या बाबतीत कलाकारांची बाजू फार पडती होती. चित्रपटासाठी मोबदला देऊन संगीत करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक चित्रपटाचा निर्माता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला आणि पुढे एकरकमी मानधन हीच रीत पक्की झाली. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा त्यांना स्वतःलाही सोडून देता येणार नाही असे ठरवले. हा वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला, म्हणजे हक्कदारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. त्यानंतर २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, रेडिओवर ध्वनिमुद्रित गाणे वाजते तेव्हा त्यातील शब्दांच्या गीतकाराला आणि चालीच्या संगीतकारालाही रॉयल्टी देय होते, असे आपल्या आदेशात स्पष्ट केले. आज जुन्या गाण्यांचे पैसे अनपेक्षितपणे येऊ लागले आहेत, त्यामागे डिजिटल प्रसाराबरोबर हा कायदेशीर बदलही आहे.

आता बँडच्या दृष्टीने तीन बारकावे. पहिला म्हणजे, कॅसेटमधील गाणी दुसऱ्यांची असतील, उदाहरणार्थ चित्रपटगीते आपल्या वाद्यवृंदात वाजवून ध्वनिमुद्रित केली असतील, तर शब्द आणि चाल यांची रॉयल्टी मूळ गीतकार-संगीतकारांची. आपल्याला फक्त सादरकर्ता म्हणून, किंवा ध्वनिमुद्रण आपले असेल तर त्याचे मालक म्हणून मागणी करता येते. दुसरा, संतांच्या अभंगाला किंवा पारंपरिक भारुडाला आपण नवी चाल दिली असेल, तर शब्दांवर कुणाचा हक्क उरत नाही, परंतु चाल आपलीच राहते. अनेक कॅसेटवर सरसकट ‘पारंपरिक’ एवढेच छापलेले असते आणि त्या एका शब्दामुळे संगीतकाराची नोंदच कुठे होत नाही. आपली चाल खरोखर नवी असेल, तर ही नोंद दुरुस्त करून घेणे हे या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत लाभदायक काम ठरू शकते. तिसरा बारकावा संगीत संयोजकाचा, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बसवणाऱ्याचा. संयोजन हे मूळ चालीचे रूपांतर मानले जाते, त्यामुळे मूळ संगीतकाराच्या संमतीने केलेल्या संयोजनाला स्वतंत्र स्थान असू शकते, आणि संयोजक कोण हे इनलेवर, म्हणजे कॅसेटच्या डबीतील छापील कार्डावर, छापलेले असेल तर ते जपून ठेवावे.

ढोलकी, कीबोर्ड किंवा गिटार वाजवणाऱ्यांचा हिस्सा सादरकर्ता म्हणूनच येतो. ज्या गाण्याची ओळखच एखाद्या ढोलकीच्या तुकड्याने किंवा सुरुवातीच्या गिटारच्या सुरावटीने होते, तिथे मला हे अन्यायाचे वाटते. आणि कायदा त्या वादकाला संगीतकार मानो वा न मानो, बँडने आपापसांतील कराराने त्याला त्या गाण्यापुरता अधिक वाटा द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

घरातील कागद बाहेर काढा

कॅसेटचे इनले कार्ड हा पहिला पुरावा. त्याच्या दोन्ही बाजू, आतील घडी, कडेवरचा क्रमांक आणि कॅसेटवरचे लेबल यांची स्वच्छ उजेडात छायाचित्रे घ्यावीत. वर्तुळातील पी या अक्षरापुढे लिहिलेले वर्ष आणि नाव ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे असते, तर वर्तुळातील सी पुढील नाव बहुधा मुखपृष्ठ आणि छापील मजकूर यांच्या मालकाचे. ही दोन नावे वेगळी असू शकतात, म्हणून दोन्ही टिपावीत.

त्यानंतर करारनामा, मानधनाचे व्हाउचर, स्टुडिओच्या पावत्या, आकाशवाणीची करारपत्रे, वर्तमानपत्रातील जाहिराती, कार्यक्रमांच्या पत्रिका, हाताने लिहिलेली नोटेशनची वही असे सगळे एकत्र करावे. नोटेशनच्या वहीवर तारीख असेल तर ती अनमोल आहे, कारण चाल कुणी आणि केव्हा केली याचा तो समकालीन पुरावा ठरतो. मूळ स्पूल किंवा मास्टर टेप कुणाकडे पडून असेल, तर ती घरच्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळावा. जुन्या फितीचा लेप सुटतो आणि एकदाच वाजवल्यानेही ती कायमची खराब होऊ शकते. जुन्या फिती डिजिटल करून देणाऱ्या जाणकाराकडेच ती द्यावी.

करार सापडला, तर सर्वांत आधी त्यावरची तारीख पाहावी. १० मे १९९५ हा दिवस येथे सीमारेषा आहे. कॉपीराइट कायद्याची १९९४ची दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली. त्यानंतर केलेल्या हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतर भारतापुरते मानले जाते. म्हणजे १९९७ साली केलेल्या आणि मुदतीचा उल्लेख नसलेल्या करारातून दिलेले हक्क २००२ नंतर पुन्हा आपल्याकडे आले, असा दावा करता येतो. त्या तारखेच्या आधी केलेल्या करारांना हे नियम लागू नाहीत, असे कायद्यातच म्हटले आहे. सादरकर्त्यांचा स्वतंत्र हक्कही त्याच दिवसापासून अस्तित्वात आला. म्हणून गायक-वादकांनी ध्वनिमुद्रणाची नेमकी तारीख दाखवणारा कागद आवर्जून शोधावा.

करार सापडलाच नाही, तरी निराश होण्याचे कारण नाही. कॉपीराइटचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तोंडी बोलण्यावर सगळे हक्क घेतले, असे कंपनी म्हणत असेल, तर तिने लेखी कागदाची प्रत द्यावी अशी नम्र पण स्पष्ट मागणी स्पीड पोस्टाने करावी. कंपनीचे नाव बदललेले असू शकते: एचएमव्हीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आज सारेगामा इंडिया आहे, आणि म्युझिक इंडिया पुढे पॉलिग्राम व नंतर युनिव्हर्सल झाली. छोट्या कंपनीचा साठा कुणी विकत घेतला, हे बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यावर कळते.

गाणे सध्या कुठे आणि कुणाच्या नावाने आहे, ते शोधा

यूट्यूबवर गाण्याचे नाव देवनागरीत, रोमन लिपीत आणि रोमनमधील दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी शोधावे. स्थिर मुखपृष्ठ असलेला व्हिडिओ सापडला, तर त्याखालील वर्णन पूर्ण उघडावे. यूट्यूबने आपोआप तयार केलेल्या अशा पानावर पहिल्याच ओळीत गाणे कोणत्या वितरकाने पुरवले ते लिहिलेले असते, पुढे अल्बमचे नाव, वर्तुळातील पी आणि त्यापुढे सध्याच्या मालकाचे नाव, प्रकाशनाची तारीख, आणि कधी कधी गीतकार-संगीतकारांची नावेही. त्या पानाचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. स्पॉटिफायवरही गाण्याच्या श्रेयनामावलीत हीच माहिती मिळते. मालक म्हणून भलत्याच कंपनीचे नाव दिसले, किंवा संगीतकाराच्या जागी गायकाचे नाव आढळले, तर लगेच तक्रार न करता एका तक्त्यात गाण्यागणिक चूक लिहून ठेवावी. एकेक तक्रार करण्यापेक्षा पुराव्यासह एकत्रित पत्र पाठवले, तर त्याची दखल लवकर घेतली जाते.

या तक्त्यात आयएसआरसी क्रमांकासाठी एक रकाना ठेवावा. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगळा मिळतो. चाल आणि शब्द यांच्यासाठी आयएसडब्ल्यूसी हा निराळा क्रमांक असतो. एकाच गाण्याचे कॅसेटवरचे आणि नंतर पुन्हा केलेले ध्वनिमुद्रण असेल, तर दोन आयएसआरसी पण एकच आयएसडब्ल्यूसी असायला हवा. ही जोडणी तुटलेली असेल, तर पैसे जमा होऊनही हक्कदारापर्यंत पोहोचत नाहीत.

योग्य संस्थेत नाव नोंदवा

गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी आयपीआरएस ही संस्था आहे. ती १९६९ साली स्थापन झाली आणि २०१७ मध्ये नव्या तरतुदींनुसार कॉपीराइट संस्था म्हणून पुन्हा नोंदली गेली. गायक आणि वादक यांच्यासाठी २०१३ मध्ये स्थापन झालेली गायकांची संस्था आता वादकांनाही सामावून इसाम्रा या नावाने काम करते. ध्वनिमुद्रणाचे मालक बहुधा कंपन्या असतात, आणि सार्वजनिक ठिकाणी वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांचे परवाने पीपीएलसारख्या संस्था देतात; बँड स्वतः मालक असेल, तर डिजिटल वितरकामार्फत गाणी स्वतःच्या नावाने पुन्हा प्रकाशित करणे हा सोपा मार्ग आहे. एकच व्यक्ती चाल करते आणि गातेही, असे असेल तर तिने दोन्ही संस्थांचे सभासद व्हावे. एका सभासदत्वात दुसरे येत नाही.

अर्जासाठी पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, छायाचित्र आणि गाण्यांची यादी तयार ठेवावी. नोंद व्यक्तीच्या नावाने होते. ‘संगीत: अमुक बँड’ असे इनलेवर छापलेले असेल, तर त्या नावामागे कोण होते आणि कुणाचा किती टक्के वाटा, हे सर्वांच्या सहीने लिहून द्यावे लागते. ज्या-ज्या नावांनी आपण कॅसेटवर छापले गेलो ती सर्व नावे अर्जात लिहावीत: टोपणनाव, आद्याक्षरे, लग्नापूर्वीचे नाव, चुकीचे छापलेले नावसुद्धा. सभासद झाल्यावर प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे नोंदवावे, कारण नुसते सभासदत्व घेऊन गाणी न नोंदवणाऱ्यांना काहीच मिळत नाही आणि ही गफलत फार सर्रास होते. मागील काळातील रक्कम हक्कदार न सापडल्यामुळे पडून आहे का, याची चौकशी त्याच वेळी लेखी करावी. न्यायालयात अशी जुनी येणी मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असल्यामुळे ही चौकशी लांबणीवर टाकू नये.

वाटणी आणि कर एकत्रच ठरवा

वाटणीचा पाया विवरणपत्र हाच असावा. समजा, पाच जणांच्या बँडमध्ये चाली दोघांनी केल्या आणि वाजवले सर्वांनी. संगीतकार म्हणून आलेली रक्कम त्या दोघांची, सादरकर्ते म्हणून आलेली पाचही जणांची, आणि ध्वनिमुद्रणाचे मालक म्हणून आलेली ज्यांनी पैसे घातले त्यांची. बँडला सगळे समान वाटून घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, पण तो निर्णय हक्क कुणाचा आहे हे समजून आणि लिहून घेतलेला असावा. त्या कागदावर पुढील परवानग्या कोण देणार, हेही असावे: एखाद्या निर्मात्याला गाणे चित्रपटात हवे असेल, तर एका सभासदाने परस्पर होकार देऊ नये.

रॉयल्टीवर १० टक्के दराने उगमस्थानी कर कापला जातो. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एकाच देणाऱ्याकडून ५०,००० रुपयांपेक्षा अधिक मिळाल्यास ही कपात लागते, आणि पॅन दिलेला नसेल तर दर २० टक्के होतो. अडचण येते ती एका सभासदाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे आल्यावर. समजा ६०,००० रुपयांवर ६,००० कापून ५४,००० जमा झाले आणि वाटणी पाच समान हिश्श्यांची आहे. अनेक जण ५४,०००चे पाच भाग करतात, आणि कापलेल्या ६,०००चे श्रेय मात्र एकट्या खातेदाराच्या पॅनवर राहते. योग्य रीत अशी की मूळ ६०,००० धरून प्रत्येकाचा वाटा १२,००० मानावा. खातेदाराने चौघांना ४८,००० द्यावेत, त्याच्याकडे ६,००० रोख आणि ६,०००चे करश्रेय राहते. मात्र प्राप्तिकर खात्याकडील त्याच्या वार्षिक माहिती विवरणात पूर्ण ६०,००० दिसणार असल्यामुळे वाटणीचा करार, बँक हस्तांतराच्या नोंदी आणि सनदी लेखापालाचा सल्ला हे तिन्ही हाताशी असावे. याहून चांगले म्हणजे देणाऱ्यालाच प्रत्येकाच्या पॅनवर स्वतंत्र रक्कम पाठवण्याची विनंती करावी. पुस्तकांच्या लेखकांना रॉयल्टीवर मिळणारी करवजावट गाण्यांना लागू होत नाही, हेही प्राप्तिकर विवरण भरण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

अमेरिकेत मराठी आणि कोकणी श्रोते मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे तिथून येणारी रक्कम दुर्लक्षू नये. श्रोता स्वतः गाणे निवडत नाही अशा इंटरनेट आणि उपग्रह रेडिओची रॉयल्टी तेथे साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते. तिची नोंदणी विनामूल्य आहे आणि रकमेपैकी ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकारांना आणि ५ टक्के इतर वादक-गायकांना जातात. अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीसाठी डब्ल्यू-८बेन हा अर्ज भरून आपण भारतातील करदाते असल्याचे कळवावे. तो भरला नाही, तर ३० टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो, आणि भरल्यास दोन देशांतील करारानुसार १५ टक्के. तिथे भरलेल्या कराचे श्रेय भारतातील विवरणात मागता येते.

दिवंगत आणि संपर्कात नसलेले सभासद

जुन्या बँडमधील एखादा सहकारी आज हयात नसतो. त्याचा हक्क संपलेला नसतो. तो इतर मालमत्तेप्रमाणे मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने कुटुंबाकडे गेलेला असतो. २००१ साली गेलेल्या गीतकाराच्या शब्दांना २०६१ अखेरपर्यंत संरक्षण आहे, आणि त्याच्या पत्नीला किंवा मुलांना याची कल्पनाही नसते. त्यांना शोधून सांगणे हे उरलेल्या सभासदांचे काम आहे, असे मी मानतो. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत, अन्यथा वारस प्रमाणपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र घेऊन संबंधित संस्थेत कायदेशीर वारस म्हणून नोंद करता येते. रक्कम किरकोळ असेल, तर न्यायालयाच्या प्रमाणपत्राऐवजी प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र चालेल का, हे संस्थेला आधी लेखी विचारावे, म्हणजे कुटुंबाचा वकिलाचा खर्च वाचेल.

जो सभासद सापडतच नाही त्याचा वाटा इतरांत वाटून टाकू नये. दोन सभासदांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असे संयुक्त बचत खाते उघडून तो हिस्सा त्यात ठेवावा, प्रत्येक जमेपुढे गाण्याचे नाव व विवरणपत्राचा क्रमांक लिहावा, आणि त्या सभासदाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवून त्याची पावती याच नोंदवहीत चिकटवावी.